मांसाविना चिली: प्रस्तावना

चिली म्हणजे वाळक्या लाल मिरच्यांच्या वाटणात मंद आचेवर बराच वेळ शिजवलेला दाट रस्सा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तो गोमांसाचा करतात, आणि १९७७ साली तिथल्या विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. राज्याबाहेर मात्र त्याच पातेल्यात राजम्यासारखे दाणे, टोमॅटो आणि भाज्या पडू लागल्या. गेल्या पन्नासएक वर्षांत मांसाला पूर्ण फाटा दिलेली चिलीही अमेरिकी घरांत रुळली. थंडीच्या दिवसांत एक मोठे पातेले चढवावे आणि घरातल्या सगळ्यांनी दोन दिवस पोटभर खावे, असा हा पदार्थ आहे. मांसाबरोबर दूध, तूप, लोणी, चीज आणि मधही वर्ज्य केला की ती व्हीगन चिली होते.

अनेक पाकपुस्तके या चिलीकडे नेहमीच्या चिलीतून मांस वजा करून उरलेला पदार्थ म्हणून पाहतात, आणि तिथेच ती फसते. मांस काढून घेतले आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर हाती येतो तो टोमॅटोच्या रसात पोहणारा राजमा. मांस त्या पातेल्यात तीन कामे करत असते. त्याच्या चरबीत मिरची-मसाल्यांचा स्वाद उतरतो, परतल्यामुळे त्याला खमंगपणा येतो आणि बराच वेळ शिजून ते रश्श्याला अंग देते. ही तिन्ही कामे कडधान्य, मिरची, तेल आणि भाज्यांकडून करून घेता येतात. कोणते काम कोणाकडे द्यायचे, हे मात्र आधी ठरवावे लागते.

चिलीचे गाव सॅन अँटोनिओ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरातल्या मिलिटरी प्लाझा या चौकात संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या बायका मेजे मांडत, कंदील लावत आणि निखाऱ्यांवर गरम ठेवलेली चिली वाटीवाटीने विकत. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. शिकागोला १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या नावाने चिलीचे दुकान होते, आणि टेक्सासबाहेरच्या पुष्कळांनी हा पदार्थ प्रथम तिथे चाखला. पुढे १९३० च्या दशकात आरोग्यखात्याच्या नियमांपायी चौकातली मेजे उठत गेली. ज्या बायकांच्या हातची चव देशभर गेली, त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे आज नोंदलेली आहेत; या पदार्थाच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

चव देशभर जायला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली. न्यू ब्रॉनफेल्स या जर्मन वस्तीच्या गावात विल्यम गेबहार्ट नावाचा एक जर्मन स्थलांतरित खानावळ चालवत असे. मिरचीचा हंगाम सरला की चिली बंद पडे. तेव्हा त्याने मेक्सिकोहून आणवलेल्या मिरच्या वाळवून त्यांची पूड करायला सुरुवात केली आणि १८९० च्या दशकात ती ‘ईगल’ या छापाखाली विकायला आणली. अमेरिकेत ‘चिली पावडर’ या नावाने जे मिळते ते आजही या घराण्यातले आहे: मवाळ मिरची, जिरे, ओरेगानो, लसूण आणि बहुधा मीठ यांचे मिश्रण. मराठी वाचकाने हे पक्के लक्षात ठेवावे. अमेरिकी पाककृतीत तीन मोठे चमचे चिली पावडर लिहिलेली असते आणि त्या जागी घरातले लाल तिखट तेवढेच घातले, तर पातेले वाया जाते. त्या तीन चमच्यांत तिखटपणा थोडाच असतो. मिरचीचा गर, रंग आणि गोडसर कडवटपणा हेच त्यात अधिक असते.

टेक्सासमध्ये चिलीत दाणे घालणे अनेकांना आजही खपत नाही. १९६७ साली टर्लिंगुआ या पाऱ्याच्या खाणी बंद पडून ओस झालेल्या गावी चिलीची पहिली मोठी स्पर्धा झाली. एका बाजूला टेक्सासचा पत्रकार विक फाउलर, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचा लेखक एच. ॲलन स्मिथ. सामना बरोबरीत सुटला, पण तिथून सुरू झालेल्या स्पर्धांच्या परंपरेत पातेल्यात दाणे, भात किंवा पास्ता दिसला तर चिली बाद ठरते. सिनसिनाटी शहरात याच्या अगदी उलट रीत आहे. तिथे मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी १९२२ साली दालचिनी-लवंगेच्या वासाची पातळ चिली स्पॅगेटीवर वाढायला सुरुवात केली, आणि वरून चीज, कांदा आणि राजमा मागवता येतो. खरी चिली कोणती, हा वाद त्या त्या गावाच्या अभिमानाचा आहे. घरच्या स्वयंपाकाला त्याचे ओझे घेण्याचे कारण नाही.

शिवाय त्या वादाच्या खाली एक फार जुना थर आहे. मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातल्या तेहुआकान खोऱ्यात रिचर्ड मॅकनिश या पुरातत्त्वज्ञाने १९६० च्या दशकात केलेल्या उत्खननात मका, मिरची, भोपळा आणि घेवडा यांचे प्राचीन अवशेष कोरड्या गुहांतून मिळाले. घेवडा, मका आणि भोपळा ही तिन्ही पिके तिथले शेतकरी एकाच वावरात लावत आले. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल टिकवतात. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूने ॲझ्टेक लोकांच्या जीवनाची जी विस्तृत नोंद करून ठेवली, तिच्यात मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया यांच्या अनेक कालवणांचे वर्णन आहे. गाय, डुक्कर, कांदा, लसूण आणि जिरे हे सारे त्या भूमीवर स्पॅनिशांबरोबर आले. म्हणजे व्हीगन चिलीच्या पातेल्यातले घेवड्याचे दाणे, मिरची, टोमॅटो, भोपळा आणि मका हे सगळे मूळचे आहे. नंतर आले ते गोमांस. हा पदार्थ शिजवताना मांसाची उणीव मनात धरू नये, याला हा भक्कम आधार आहे.

मांसाशिवायची चिली अमेरिकेत रूढ झाली ती १९७० च्या दशकात. फ्रान्सेस मूर लाप्पे यांचे ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ हे पुस्तक १९७१ साली आले. माणसाला पुरेल एवढे धान्य जनावरांना चारून त्याचे थोडेसे मांस मिळवणे ही केवढी नासाडी आहे, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. कडधान्य आणि तृणधान्य एकाच जेवणात जुळवून खाल्ले पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. पुढे १९८१ च्या आवृत्तीत त्यांनी तो स्वतःच सैल केला, कारण दिवसभरात वेगवेगळे खाल्ले तरी शरीराची गरज भागते. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी १९७३ साली सुरू झालेल्या मूसवुड या खानावळीतल्या मॉली कॅट्झन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात शाकाहारी चिली होती. तिच्यात राजमा आणि खिम्यासारखा चावा यावा म्हणून बल्गर, म्हणजे उकडून वाळवून भरडलेला गहू. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत मांसाविना चिली शिरली ती या आणि अशा पुस्तकांच्या हाताने. आपल्याकडचा दलिया बल्गरच्या जागी चालतो, पण तो कच्च्या गव्हाचा असल्याने त्याला शिजायला जास्त वेळ आणि जास्त पाणी द्यावे लागते.

आता दाण्यांकडे वळू. तांबडा राजमा, ठिपक्यांचा पिंटो, काळे बीन्स, चित्रा राजमा हे सारे ‘फॅसिओलस व्हल्गॅरिस’ या एकाच वनस्पतीचे प्रकार. आपला श्रावण घेवडा हीही तीच वनस्पती. फरक इतकाच की तिथे शेंग कोवळी खातात आणि इथे दाणा वाळवून. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. फिकट अंगावर तांबूस रेघा असलेला हा दाणा टेक्सास-मेक्सिकोतल्या पिंटोचा जवळचा भाऊ शोभतो आणि चिलीत उत्तम लागतो. तांबड्या राजम्याची साल जाड असते आणि तो आकार टिकवतो. पिंटो आणि वाघ्या यांची साल त्या मानाने पातळ असल्याने ते रश्श्यात थोडे विरघळतात. काळे बीन्स आपला काळसर रंग पाण्यात सोडतात आणि त्या पाण्याला स्वतःचीच खोल चव असते. एकच प्रकार घ्यायचा तर वाघ्या किंवा चित्रा घ्यावा. दोन घ्यायचे तर त्यातला एक आकार धरणारा आणि एक विरघळणारा असावा.

सहा माणसांना ४०० ग्रॅम कोरडे दाणे पुरतात. शिजून ते किलोभर होतात. ते रात्रभर भिजवावेत आणि भिजवण्याच्या पाण्यात लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे अडीच चहाचे चमचे मीठ घालावे. मिठाने कडधान्य टणक होते ही समजूत सर्वत्र आहे, पण भिजवताना घातलेले मीठ नेमके उलटे काम करते. दाण्याच्या सालीतले पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट बांधलेले असते. मिठातले सोडियम त्यांची जागा घेते आणि साल मऊ पडते. बोअरवेलच्या जड पाण्यात राजमा शिजता शिजत नाही, त्याचे कारणही हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम. अशा ठिकाणी भिजवायला आणि शिजवायला गाळणीयंत्राचे मऊ पाणी घ्यावे, नाहीतर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. सोडा जास्त झाला तर दाण्यांचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. जुना, उष्ण दमट जागी पडून राहिलेला माल मात्र कशालाच दाद देत नाही. त्यातले गणंग दाणे दोन तासांनीही दाताखाली टचकन लागतात. कडधान्य वर्षाच्या आतले असावे, हा नियम इथे मसाल्यांच्या निवडीहून मोठा आहे.

भिजवलेले पाणी टाकून द्यावे. त्याबरोबर रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांचा काही भाग जातो. माणसाच्या आतड्यात या शर्करा पचवणारे विकर नसते, त्यामुळे मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचा वायू करतात. मेक्सिकोत काळ्या बीन्समध्ये एपाझोते नावाची उग्र वासाची पाने घालतात ती याच त्रासावर उतारा म्हणून. मराठी घरात ते काम हिंग करतो आणि चिलीत चिमूटभर हिंग पडल्याने काही बिघडत नाही.

पाणी टाकण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कच्च्या राजम्यात, विशेषतः तांबड्या राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. निदान पाच तास भिजवून, पाणी बदलून, ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळल्यावर ते नष्ट होते. धोका आहे तो स्लो कुकरमध्ये. त्याचे तापमान अनेकदा ८० अंशांच्या आसपासच राहते, आणि एवढ्या उष्णतेने अर्धवट तापलेले दाणे कच्च्या दाण्यांपेक्षाही जास्त विषारी ठरू शकतात. परदेशातल्या मराठी घरांत आता स्लो कुकर आणि प्रेशर कुकर शेजारी शेजारी असतात. तिथे राजमा आधी उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळावा किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवावा, आणि मगच चिलीचे बाकीचे काम स्लो कुकरवर सोपवावे. प्रेशर कुकरमधले तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, म्हणून ज्या घरात राजमा नेहमी कुकरला लागतो तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

कुकरमध्ये दाणे बुडून वर दोन बोटे पाणी राहील इतके पाणी, तमालपत्र, अर्धा कांदा आणि थोडे मीठ घालावे. एक शिटी झाली की आच बारीक करून १५ ते २० मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. एकदम वाफ काढली तर दाणे फुटतात. शिजले की नाही हे पाहायला चार दाणे चमच्यात घेऊन त्यांवर फुंकर मारावी; साल सुटून मागे वळली की दाणा आतपर्यंत शिजला. टोमॅटो, चिंच, लिंबू असे आंबट काहीही या टप्प्यात घालू नये, कारण आम्लात पेक्टिन विरघळत नाही आणि दाणे तासभर जास्त शिजवूनही कडकच राहतात. हे साधे शास्त्र न पाळल्यामुळे जितक्या चिल्या बिघडतात तितक्या मसाला चुकल्यामुळे बिघडत नसतील. दाणे शिजल्यावर उरलेले पाणी, म्हणजे त्यांचे आळण, जपून ठेवावे. डबाबंद दाण्यांच्या चिलीपेक्षा घरी शिजवलेल्या दाण्यांची चिली सरस होते ती मुख्यतः या आळणामुळे, कारण त्यात पिष्ट आणि चव दोन्ही उतरलेले असते. डबा वापरायचाच झाला तर ४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण २४० ग्रॅम दाणे निघतात, हे धरून हिशेब करावा.

मिरची हा या पदार्थाचा कणा. मेक्सिकोत वाळवलेल्या प्रत्येक मिरचीला वेगळे नाव आणि वेगळे काम आहे. पोब्लानो पिकवून वाळवली की आन्चो होते: रुंद, काळपट, मनुकांसारख्या गोडीची. ग्वाहियो पातळ सालीची, लाल रंगाची, किंचित आंबूस. चिपोतले म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली. जातिवंत चिलीत यांपैकी दोन-तीन एकत्र असतात आणि तिखटपणा सांभाळायला एखादी बारीक जहाल मिरची असते. या मिरच्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण त्यांची भावंडे मिळतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात उतरवलेली मिरची याच जातीची, ‘कॅप्सिकम ॲन्युअम’. कर्नाटकातली ब्याडगी गडद लाल रंग देते आणि तिखट कमी असते, म्हणून ती ग्वाहियोच्या जागी बसते. जहालपणासाठी दोन-चार संकेश्वरी किंवा लवंगी पुरेत. आन्चोची गोडी येण्यासाठी वाटणात चार-पाच काळ्या मनुका घालाव्यात. धुराचा वास हवा असेल तर स्मोक्ड पाप्रिका, नाहीतर शेवटी निखाऱ्यावर थेंबभर तेल सोडून झाकणाखाली दिलेली धुरी.

सहा माणसांच्या चिलीला २५ ते ३० ग्रॅम वाळक्या मिरच्या लागतात. आकडा मोठा वाटला तरी ब्याडगी असेल तर तो बरोबर आहे. देठ आणि बिया काढाव्यात. तिखटपणा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो, म्हणून चव मवाळ हवी असेल तर ती शीर खरवडून टाकावी. मग मिरच्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-तीस सेकंद शेकाव्यात. साल थोडी फुगते, रंग किंचित उजळतो आणि वास घरभर पसरतो. त्या क्षणी त्या उतरवाव्यात. दहा सेकंद जास्त गेले की काळे डाग पडतात, आणि तो कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून त्यांचे गंधासारखे मऊ वाटण करावे. सालीचे तुकडे राहिले तर गाळून घ्यावे. भिजवलेले पाणी चाखून पाहावे. कडू नसेल तर वाटणात घालावे, कडू असेल तर ओतून द्यावे.

हे वाटण तेलात परतणे हा सगळ्या स्वयंपाकातला निर्णायक टप्पा. मिरचीतला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन आणि रंग देणारी द्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात नाही. जिऱ्याचा वासही तेलातच उतरतो. मांसाची चरबी नसल्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे तेलावर येते, तेव्हा चार मोठे चमचे तेल घालताना हात आखडू नये. तेलात आधी बारीक चिरलेले दोन मोठे कांदे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे, कडा तांबूस होईपर्यंत परतावेत. मग लसूण, नंतर दोन चहाचे चमचे भरडलेले जिरे, आणि मग वाटण. पहिल्यांदा ते उडते आणि भांड्याला चिकटू पाहते. सतत ढवळत राहिले की पाणी आटते, रंग विटकरीवर येतो आणि कडेने लाल तेल सुटते. मराठी स्वयंपाकी हा क्षण वाटणाच्या रश्श्यांमुळे आधीपासून ओळखतो. फोडणीचा सराव असलेल्या हाताला व्हीगन चिली अवघड जाऊ नये, ते याच कारणाने. ओरेगानो हातावर चुरून आता घालावा. मेक्सिकोतला ओरेगानो युरोपातल्या ओरेगानोहून वेगळ्या कुळातला आणि अधिक उग्र असतो. मिळाला तर तोच वापरावा.

टोमॅटो सहाशे ग्रॅम पुरतात, आणि ते तेल सुटल्यावरच घालावेत. आपल्याकडचे गावरान टोमॅटो आंबट आणि पाणीदार असतात, म्हणून ते किसून, निम्मे होईपर्यंत आटवावेत. टोमॅटो पेस्टचा एक मोठा चमचा आधी तेलात परतला तर रंग आणि गोडी दोन्ही येतात. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते आणि तृप्त करणारी मांसासारखी चव त्यातूनच येते. ती चव आणखी वाढवायला सुक्या शिताके अळिंबीचे भिजवलेले पाणी आणि मोठा चमचाभर सोया सॉस पुरेसे आहेत. बिनसाखरेच्या कोकोचा एक चहाचा चमचा मिरचीच्या कडवट गोडीला जोड देतो. मेक्सिकोच्या मोले नावाच्या रश्श्यात चॉकलेट पडते, त्यामुळे यात उसनेपणा नाही. सोयाचा चुरा मात्र टाळलेला बरा. तो मांसाची नक्कल करतो आणि नक्कल नेहमी मूळ वस्तूची आठवण करून देते. बारीक चिरून कोरड्या पसरट तव्यावर तांबूस होईपर्यंत परतलेली अळिंबी त्याहून कितीतरी चांगला चावा देते.

भाज्यांत वेळेला महत्त्व आहे. गाजर कांद्याबरोबर परतावे. ढोबळी मिरची टोमॅटोबरोबर पडावी. लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी शेवटच्या वीस मिनिटांत आणि मक्याचे दाणे अगदी शेवटी पाच मिनिटे. वांग्याच्या फोडी वेगळ्या परतून घातल्या तर रश्श्याला छान अंग येते. बटाटा घालू नये; तो मिरचीची धार बोथट करतो. शिजलेले दाणे आणि त्यांचे आळण टोमॅटो आटल्यावर घालून सगळे मिळून पाऊण तास मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून शिजवावे. दाटपणासाठी दोन डाव दाणे काढून, ठेचून पुन्हा पातेल्यात सोडावेत. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर नको. टेक्सासमध्ये यासाठी मासा हरिना वापरतात, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे पीठ. ते मिळाले तर मोठा चमचाभर पाण्यात कालवून घालावे. त्याचा टॉर्टिया या मक्याच्या पोळीसारखा वास चिलीला फार शोभतो.

व्हीगन हा शब्द आणि त्यामागची चळवळ ब्रिटनमधली. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध आणि अंडीही न खाणाऱ्यांची वेगळी संस्था काढली. मराठी शाकाहारी घरात चिली व्हीगन ठेवताना चूक होते ती तुपाच्या किंवा दह्याच्या चमच्यापाशी. परदेशात फसवणारी यादी निराळी: वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, तयार बीन्सच्या काही डब्यांत डुकराची चरबी असते, आणि मक्याच्या ब्रेडमध्ये बहुधा अंडे आणि ताक असते. वरून घालायच्या आंबट सायीऐवजी भिजवलेले काजू लिंबाच्या रसात वाटून घ्यावेत किंवा पिकलेल्या ॲव्होकाडोच्या फोडी ठेवाव्यात.

पोषणाच्या बाबतीत हे जेवण भरभक्कम आहे. शिजलेल्या शंभर ग्रॅम राजम्यात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने, ६ ते ७ ग्रॅम तंतू आणि २ मिलिग्रॅमहून थोडे जास्त लोह असते. वर दिलेल्या प्रमाणात एका माणसाच्या वाट्याला दाण्यांतूनच साधारण १५ ग्रॅम प्रथिने येतात. वनस्पतीतले लोह शरीरात कमी शोषले जाते, पण क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते शोषण वाढते. कच्ची ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू चिलीवर शेवटी घालण्याला त्यामुळे चवीपलीकडचा अर्थ आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र या पातेल्यात कुठेच नाही, आणि जे कायम व्हीगन राहतात त्यांनी ते गोळीतून किंवा पोषके मिसळलेल्या अन्नातून घेतलेच पाहिजे.

वाढताना मक्याचा टॉर्टिया, साधा भात किंवा ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा घेतात. मक्याची किंवा ज्वारीची भाकरीही तितकीच चांगली जाते. वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड ठेवावी. चिली दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते, कारण दाण्यांत रस मुरतो आणि मिरची, जिरे, टोमॅटो यांची चव एकजीव होते. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ती उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावी. तीन-चार दिवस ती उत्तम राहते आणि फ्रीजरमध्ये तीन महिने. थंड झाल्यावर दाण्यांतल्या पिष्टामुळे ती घट्ट बसते. तापवताना अर्धी वाटी पाणी घालून, तळापासून ढवळत, चांगली उकळी येऊ द्यावी, आणि मीठ व लिंबू चाखून पाहून नव्याने घालावे.